जावयाच्या पाठीमागची भिंत

साहेब, ही भानगड तुम्ही लावलीत. दुसऱ्या कुणी नाही. चंद्रम्माच्या ओट्यावर बसून, तिच्या हातचा चुरमुऱ्यांचा सुसला दोन बशा खाऊन, वर तिसऱ्यांदा चहा मागून तुम्ही कागदावर लिहिलंत की ‘पिंजऱ्याची मागची बाजू नैसर्गिक दिसत नाही.’ एका सरड्याच्या पाठीमागं काय दिसतं, एवढ्यावरून तुम्ही एका बाईची झोप उडवली. त्याच्या पुढ्यात काय पडतं, तो खातो काय, सुखात आहे का, यातलं एक अक्षर विचारलं नाही. तुम्हाला पाहिजे होती भिंत. तर आता भिंतीची गोष्ट ऐका. आणि शेवटपर्यंत ऐका, मध्येच फोन आला म्हणून उठायचं नाही.

आपल्या बिदर जिल्ह्यातल्या भालकीत जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत सिद्धप्पा आणि चंद्रम्मा राहतात. सिद्धप्पा साखर कारखान्यात बॉयलरवर होता, आता रिटायर. पोरगा सुनीलकुमार हैदराबादला कंपनीत. त्या पोरानं तिथं खोलीत एकटं करमेना म्हणून एक इग्वाना पाळला होता. इग्वाना म्हणजे परदेशी सरडा, पण आपल्या कुंपणावर पळतो तसला नव्हे. शेपटीसकट साडेतीन फूट, गळ्याखाली लोंबती पिशवी, पाठीवर करवतीसारखे काटे आणि चेहऱ्यावर असा भाव, की सगळ्या दुनियेनं त्याचं काहीतरी खाल्लंय.

सुनीलकुमारचं लग्न ठरलं आणि होणाऱ्या बायकोनं, पवित्रानं सांगितलं, “एक तर त्यो ऱ्हाईल, न्हाई तर मी.” सुनीलकुमार दोन दिवस विचार करत होता. ही दोन दिवसांची गोष्ट पवित्राला अजून कुणी सांगितलेली नाही.

शेवटी त्यानं जनावर आंब्याच्या पेटीत घातलं, पेटीला भोकं पाडली आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसला. कंडक्टरनं विचारलं, “काय हाय?”

“आंबे.”

“हालायलेत की.”

“पिकलेत,” सुनीलकुमार म्हणाला. कंडक्टर पुढं गेला.

घरात पेटी उघडली तेव्हा चंद्रम्मानं आधी झाडू उचलला. मग झाडू तसाच वर धरून विचारलं, “खातंय काय हे?”

“पाला, अव्वा. शेवग्याचा पाला, जास्वंदाची फुलं, भोपळा.”

“अंडं?”

“न्हाई.”

“किडंमुंगी?”

“न्हाई गं. तोंड लावत न्हाई. पक्का शाकाहारी हाय.”

चंद्रम्माच्या घरात बाप-आज्यापासून अंड्याचं टरफल आलेलं नाही. गळ्यातल्या लिंगाला हात लावून ती जनावराकडं बघत राहिली. जनावर तिच्याकडं. मग झाडू खाली आला.

“मंग आपल्यातलाच हाय की,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ दे.”

नाव सिद्धप्पानं ठेवलं. “दिवसभर बसून ऱ्हातंय. पैला घास त्याला. काम काई न्हाई. आन् जरा मनाविरुद्ध झालं की गळा फुगवून रुसतंय. हे जावई हाय.” दोघांना मुलगी नव्हती. त्यामुळं घरात जावयाची जागा रिकामीच होती. ती भरली.

राहायला काय द्यायचं? बसस्टँडजवळचं एक स्वीट मार्ट त्याच महिन्यात बंद पडलं होतं. तिथलं मिठाईचं शोकेस सिद्धप्पा हातगाड्यावर घालून घेऊन आला. पाच फूट लांब, चार फूट उंच. पुढं सरकती काच, वर बल्ब, मागं लाकडी फळी आणि फळीला आतून आरसा, बर्फी दुप्पट दिसावी म्हणून. काचेवर ‘शुद्ध तुपातील’ एवढी अक्षरं राहिली होती. ती खरवडायची सिद्धप्पानं मनावर घेतली नाही. आत पेरूची एक फांदी टाकली, पाण्याची परात ठेवली. जावई शुद्ध तुपात नांदायला लागला.

पुढच्याच वर्षी चंद्रम्माच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगितलं, चालायचं कमी, उन्हात बसायचं जास्त. सिद्धप्पा सकाळी चौकात जायचा तो जेवायला उगवायचा. मग चंद्रम्मा अंगणात खुर्चीवर आणि जावई तिच्या शेजारी पाट्यावर. तिला बोलायला लागतं, साहेब. काही माणसांना श्वास लागतो तसं. ती सासूचं सांगायची, कारखान्यातल्या क्वार्टरचं सांगायची, शेजारणीनं चार वर्षांपूर्वी नेलेल्या कढईचं सांगायची, आणि जावई मान वरखाली करायचा.

“चाळीस वर्सं संसार केला,” ती फोनवर पोराला म्हणाली, “पर माझं ऐकून मान हलविणारा ह्यो पैला गडी.”

“अव्वा,” सुनीलकुमार म्हणाला, “इग्वाना मान हलवतंय म्हंजे धमकी द्यायलंय. ही जागा माझी हाय, निघ हितनं, असं म्हणायलंय ते.”

“दिऊ दे,” चंद्रम्मा म्हणाली. “तोंडाकडं बगून तरी देतंय.”

असं करत जावयाला येऊन चार वर्षं झाली. मग तुमच्या वनखात्याचा नवा नियम आला. परदेशी जनावर घरात असेल तर नोंद करा. सुनीलकुमारनं ऑनलाइन फॉर्म भरला, फोटो जोडला, सगळं रीतसर. आणि पाहणीला तुम्ही आलात.

त्या वेळी आरशावर कॅलेंडर लावलेलं होतं. कारण जावई आरशात स्वतःला बघायचा, त्याला वाटायचं दुसरा जावई आलाय, आणि दिवसभर गळा फुगवून त्याच्याशी भांडायचा. खताच्या दुकानाचं कॅलेंडर, मार्च महिना. तुम्ही ते बघून नाक मुरडलं.

“अम्मा, हे नैसर्गिक नाही,” तुम्ही कन्नडमध्ये म्हणालात.

“कामून न्हाई?” चंद्रम्मा मराठीत म्हणाली. “झाड हाय की त्याच्यावर.”

“प्राण्याला रानात राहिल्यासारखं वाटलं पाहिजे.”

“साहेब, ते रानात कवा ऱ्हायलं? हैदराबादला तिसऱ्या मजल्यावर होतं.”

तुम्ही हसला नाहीत. पंधरा दिवस दिले. मागची बाजू नैसर्गिक दिसली नाही तर जनावर उचलून सरकारी प्राणिसंग्रहालयात नेणार, असं लिहून दिलंत आणि बशीतला उरलेला सुसला कागदात बांधून मागितलात.

तुम्ही गेल्यावर चंद्रम्मा बराच वेळ बोलली नाही. सिद्धप्पा घाबरला. ती गप्प बसली की त्याला घरात गॅस सुटल्यासारखं वाटतं.

“तिथं बी खायला घालतेत गं,” तो म्हणाला.

“शेवग्याचा पाला देठं काढून देतेत?”

देठासकट पाला दिला तर जावई परात उलटी करतो, हे तुमच्या प्राणिसंग्रहालयात कुणाला माहीत असणार?

पहिल्यांदा ते गेले हावगेप्पाकडं. हावगेप्पा म्हणजे फ्लेक्सवाला. भालकीत माणूस जन्मला, पास झाला, निवडून आला किंवा मेला, की त्याचा मोठा फोटो हावगेप्पा छापतो. त्यानं कॉम्प्युटरवरनं मान न उचलता विचारलं, “वाढदिवस का श्रद्धांजली?”

“रान पायजे,” चंद्रम्मा म्हणाली.

“रान?”

“झाडं. पाला. हिरवं हिरवं. आमच्या जावयाच्या पाठीमागं लावायचंय.”

“जावई आलेत व्हय? बेस झालं की अक्का. उद्या संध्याकाळी न्ह्या.”

फ्लेक्स आला. सिद्धप्पानं अंगणात उलगडला आणि मटकन खाली बसला. वर बर्फाचे डोंगर होते. डोंगरातनं धबधबा पडत होता. धबधब्याच्या बाजूला एक वाघ, एक मोर आणि कमळं. इथपर्यंत ठीक होतं. पण मधोमध मोठ्या कन्नडमध्ये आणि खाली बारीक मराठीत ‘जावईबापूंचे हार्दिक स्वागत’. आणि तळाला ओळीनं सहा गोल. प्रत्येक गोलात एक गॉगल लावलेला गडी, हात जोडून. वर लिहिलं होतं शुभेच्छुक.

“हे कोण हायेत?” चंद्रम्मानं दुकानात जाऊन विचारलं.

“आपलीच पोरं, अक्का. प्रत्येक फ्लेक्सवर असतेत. ते काढलं तर फ्लेक्स नागडा दिसतंय.”

“आरं, सरडा हाय त्यो! सरड्याला शुभेच्छा द्यायलेत व्हय हे?”

हावगेप्पानं डोकं खाजवलं. “ह्यांनी कुणाला बी दिल्यात, अक्का. आजपतोर कुणी विचारलं न्हाई.”

दुसरा छापायला वेळ नव्हता, लग्नसराई होती. ठरलं की तेच लावायचं, तळाची पोरं फांदीमागं जातील. आता चिकटवायचं कशानं? सुनीलकुमारनं फोनवर बजावलं होतं, वासाचा डिंक वापरू नका, हे जनावर जिभेनं सगळं चाटून बघतं. मग चंद्रम्मानं मैद्याची खळ शिजवली. लहानपणी शाळेच्या वह्यांना कव्हरं घालायला शिजवायची तशी. खळीला किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालायची रीत, पण ते विष. तिनं घातलं नाही. घट्ट, पांढरी, गरम खळ तिनं आरशावर हातानं सारवली आणि सिद्धप्पानं वरनं फ्लेक्स दाबला. वाघ तिरका बसला. मोराची मान दुमडली. पण बसला.

त्या दिवशी दोघांनी समोर बसून चहा घेतला. बर्फाच्या डोंगरासमोर जावई भालकीच्या उन्हात तोंड उघडून बसला होता.

“फारिनला गेल्यासारखं दिसायलंय,” सिद्धप्पा म्हणाला.

दोन दिवसांनी खळ वाळली आणि तिच्या पापड्या सुटल्या. खळ कागद आणि कापड धरते, काच आणि प्लॅस्टिक धरत नाही, हे चंद्रम्माला माहीत असायला पाहिजे होतं. घाईत सुचलं नाही. आणि जावयाला कळलं की भिंत खाता येते. मैदा होता, शाकाहारी होता, बिनदेठाचा होता. त्यानं वरनं खाली सगळी खळ चाटली, आतल्या बाजूची मिळेना म्हणून नख्यांनी फ्लेक्स फाडला. पहिल्यांदा वाघ गेला. मग ‘हार्दिक’ गेलं. बुधवारी सकाळी बघितलं तर शुभेच्छुकांपैकी तिसऱ्याच्या नाकावर आरपार भोक आणि भोकात जावयाचं तोंड.

हावगेप्पा कुठनं तरी ऐकून धावत आला. “अक्का, कुणाच्या नाकावर पंजा मारलाय म्हाईत हाय का? त्यो औंदा उभा ऱ्हायलाय!”

“मंग जरा सरकून उभं ऱ्हा म्हणावं,” चंद्रम्मा म्हणाली.

पण मैदा पोटात जाऊन जावई दोन दिवस सुस्त पडला. पाला हुंगला नाही, उन्हात आणलं तर मान हलवली नाही. चंद्रम्मानं सगळा फ्लेक्स ओरबाडून काढला. खाली पुन्हा आरसा निघाला. आणि आरशात दुसरा जावई.

सात दिवस उरले होते. सिद्धप्पा रंगाचं म्हणाला, प्लॅस्टिकच्या पानांच्या माळांचं म्हणाला, लग्नाच्या स्टेजवाल्याकडच्या थर्माकोलच्या गुहेचंही म्हणाला. चंद्रम्मा ऐकत नव्हती. ती जावयाच्या नाकाकडं बघत होती. नाकावर एक खरवड होती, जुनी, पांढुरकी. चार वर्षं तो काचेला आणि आरशाला नाक घाशीत होता. रोज तिच्या समोर. तिला वाटायचं, त्याची खोड आहे.

“चढायला काईच न्हाई त्याला,” ती म्हणाली. “सगळीकडं नुस्तं गुळगुळीत. गडी जाईल कुठं?”

आणि मग तिला माहेरचं घर दिसलं. दिसलं म्हणजे आठवून डोळे भरले असला प्रकार नाही. तिला भिंत दिसली, भिंत कशी बांधली होती ते दिसलं. मंठाळला त्यांच्या स्वयंपाकघराला कूड होता. तुरीच्या वाळल्या काड्या, तुराट्या, उभ्या ठेवायच्या, आडव्या काड्यांनी आवळायच्या आणि वरनं माती लिंपायची. आपल्या भागात तुरीला काय कमी? पीक काढलं की तुराट्यांचे ढीग पडतात. कूड बांधायला बाईमाणसाला कुणी शिकवलं नाही आणि बाईमाणसाशिवाय कुणाला आला नाही.

भावाला, मल्लप्पाला, फोन गेला. “तुराट्याचा एक भारा पाठीव. लांब बग. किडका नको.”

“चुलीला?”

“जावयाला.”

“त्या सरड्याला कूड घालायलीस व्हय? दाजी पैल्यांदा घरला आले तवा त्यांना बसायला पोतं टाकलतं आपण.”

“दाजींनी पोतं फाडलं न्हाई,” चंद्रम्मा म्हणाली. “पाठीव गप.”

दुसऱ्या दिवशी दुधाच्या टेम्पोत भारा आला. बिदरकडची तांबडी माती सिद्धप्पा पोत्यात घेऊन आला. चंद्रम्मानं त्यात गव्हाचा भुसा टाकला, पाणी मारलं आणि एक दिवस मुरू दिलं. माती तुडवायला तिचे गुडघे चालत नव्हते, म्हणून सिद्धप्पाला पायजमा वर करून उभं केलं. गल्लीतनं जाणारे येणारे थांबायचे.

“काय सिद्धप्पा, घर बांधायलाव का?”

“जावयाची खोली,” सिद्धप्पा तुडवत सांगायचा. त्याची लाज तोपर्यंत मेली होती.

चंद्रम्मानं आधी आरसा काढायला लावला. मग जमिनीवर बसून, पाय पसरून, तुराट्या एकीला एक लावत गेली. मध्ये बोटभर फट, चढायला. आडव्या काड्या सुतळीनं आवळल्या, गाठी मागच्या बाजूला, जावयाच्या नखात अडकू नयेत म्हणून. खालचा अर्धा भाग मातीनं लिंपला, वरचा उघडा ठेवला. लिंपताना मुद्दाम सारखं केलं नाही, बोटांनी खाचा ओढल्या. दोन दिवस उन्हात वाळवलं. भेगा पडल्या, त्या बुजवल्या नाहीत. मग फळीला चार कोपऱ्यांत भोकं पाडून बारीक तारेनं कूड आवळला. डिंक नाही, खळ नाही, खिळ्याचं टोक आत नाही. सिद्धप्पानं धरून हलवून बघितला. शोकेस हललं, कूड हलला नाही.

जावयाला आत सोडलं. त्यानं जीभ बाहेर काढून मातीला लावली. थांबला. परत लावली. मग पुढचा एक पाय तुराटीवर टाकला, दुसरा टाकला, आणि तो साडेतीन फुटांचा गडी सरसर वर चढून बल्बाच्या खाली आडवा पसरला. पोट तुराट्यांना चिकटलेलं, चारी पायांच्या नख्या फटींत रोवलेल्या, शेपूट खाली सोडलेली. डोळे मिटले.

त्या दिवसापासून त्यानं काचेला नाक लावलं नाही. दोनच दिवसांत खरवडीवरची पापडी पडली. चंद्रम्मा हे गल्लीत प्रत्येकीला सांगून आली, ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांनाही.

पंधराव्या दिवशी तुम्ही आलात, साहेब. सकाळी अकरा वाजता. सुसला तयार होता. खाल्लात. मग शोकेससमोर उभे राहिलात आणि पहिल्यांदा तुमचा चेहरा खुलला.

“चेन्नागिदे, अम्मा,” तुम्ही म्हणालात. छान झालंय. “एकदम नैसर्गिक. कुठनं मागवलं?”

“मंठाळहून,” चंद्रम्मा म्हणाली. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

“आणि प्राणी?”

“हितंच की. वर बगा.”

तुम्ही वर बघितलंत. जावई, परका माणूस आला की करतो तसं, दगड होऊन पडला होता. तुम्ही काचेवर टिचकी मारली. त्यानं पापणी हलवली नाही. चंद्रम्मानं काच सरकवून आत हात घालायला घेतला, तर तुम्ही दोन पावलं मागं उडी मारून ओरडलात, “मुट्टबेडी, मुट्टबेडी!” हात लावू नका! पाहणी चालू असताना पिंजरा उघडायचा नाही, नियम आहे म्हणालात. तो नियम आहे का तुमची भीती, ते तुमचं तुम्हाला माहीत. तेवढ्यात तुमचा फोन वाजला. वरचे साहेब येतायत, असं कुणीतरी सांगितलं. तुम्ही “सर, सर, सर” करत तीन फोटो काढले, चंद्रम्माकडं बघून “आयतु, आयतु” म्हणालात आणि गाडीला किक मारली.

आयतु म्हणजे झालं. भाबड्या बाईला वाटलं, झालं.

आठ दिवसांनी नोटीस आली. सिद्धप्पा कन्नड वाचतो. त्यानं एकदा वाचली, मग चष्मा पुसून परत वाचली. पिंजरा योग्य आढळला. पिंजऱ्यात प्राणी आढळला नाही. सबब नोंदणीचा अर्ज रद्द. परदेशी प्राणी बाहेर सोडून दिल्याबद्दल कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत द्यावा. सोबत छायाचित्र क्रमांक दोन.

आधी दोघं हसले. सिद्धप्पाला तर ठसका लागला. जावई पाट्यावर बसून जास्वंद खात होता आणि कागद म्हणत होता तो नाही. मग चंद्रम्माचं हसू थांबलं.

“अर्ज रद्द म्हंजे?”

“म्हंजे त्याची नोंद न्हाई.”

“नोंद न्हाई, आन् घरात हाय. मंग?”

नाही म्हणावं तर सोडून दिल्याचा गुन्हा. आहे म्हणावं तर बिननोंदीचं जनावर, जप्त.

दुसऱ्या दिवशी तो तुमच्या ऑफिसात गेला. खुर्ची रिकामी. शेजारच्या टेबलावरच्यानं सांगितलं, साहेब दौऱ्यावर, लेखी द्या. सिद्धप्पानं मोबाइलवर जावयाचा व्हिडिओ दाखवला. टेबलवाला म्हणाला, “हा कवाचा हाय कुणाला म्हाईत? पाहणीच्या दिवशीचा पुरावा पायजे.” मग जनावरच घेऊन येतो म्हटलं, तर नोंद नसलेलं जनावर रस्त्यावर आणणं हा आणखी एक गुन्हा निघाला.

घरी येऊन त्यानं चप्पल भिरकावली. “कूड काढून टाक. कॅलेंडर लाव परत. दिसू दे त्यांना.”

“काई काढायचं न्हाई,” चंद्रम्मा म्हणाली. ती दारात उजेडात बसून नोटिशीला जोडलेला फोटो बघत होती. काळापांढरा झेरॉक्स. “हिकडं या. ह्यात काय दिसायलंय?”

सिद्धप्पानं बघितलं. “कूड.”

“आन्?”

“कूडच की.”

“चार वर्सं एका घरात ऱ्हायलाव त्याच्यासंग, आन् दिसंना?”

त्यानं फोटो डोळ्याजवळ नेला, लांब धरला, तिरका केला. जावई आला तेव्हा पोपटासारखा हिरवा होता; वय वाढलं तसा खारकेच्या रंगाचा झालाय. पाठीचे काटे तुराट्यांच्या टोकांसारखे. कातडं भेगाळल्या मातीसारखं. चंद्रम्मानं आपलं बोट फोटोवर ठेवलं आणि हळूच उचललं. सिद्धप्पाच्या तोंडातनं “आईगं” एवढंच निघालं.

“मीच लपिवलं त्याला,” ती म्हणाली. आवाज थोडा हलला, साहेब, तेवढं सांगायला पाहिजे. “इतकं चांगलं कामून केलं मी?” मग नाक ओढलं. “पर त्यानं आता नाक घासायचं सोडलंय. कूड ऱ्हाईल तिथंच. नीट बगायचं काम साहेबाचं. मी कामून वंगाळ करू? कागद घ्या.”

सिद्धप्पानं कागद घेतला. ती सांगत गेली, तो लिहीत गेला, अर्ध्या पानावर कन्नड, अर्ध्यावर मराठी, म्हणजे कुठली भाषा येत नाही असं म्हणायला जागा नको. चार शिव्या तिनं सांगितल्या त्या त्यानं गाळल्या. बाकीचं जसंच्या तसं तुमच्या टेबलावर पोचलंय. पोच घेतलेली आहे, शिक्का आहे, तारीख आहे.

पुरावा पाहणीच्या दिवशीचा पाहिजे होता ना? घ्या. फोटो तुमचा, मोबाइल तुमचा, बोट तुमचं. छायाचित्र क्रमांक दोन. डावीकडून चौथी तुराटी, वरनं वीतभर खाली. तिच्यावर आडवं काहीतरी पसरलंय, त्याला लाल स्केचपेननं गोल केलाय. त्या गोलात एक डोळा आहे. तुम्ही टिचकी मारलीत तेव्हा तो मिटलेला होता. तुम्ही फोनवर “सर, सर” करत फोटो काढलात तेव्हा तो उघडा आहे, आणि सरळ तुमच्याकडं बघतोय.

तुराटीला डोळा असतो का, साहेब? नसतो, तर तुमच्या फोटोतून तुमच्याकडं बघणारा तो कोण आहे? सात दिवसांत लेखी कळवा.